विश्लेषण : भंगारातला ‘मेटल’चा दिवा स्वस्त पडतो, पण त्यात बल्ब कोणता घालायचा?

दसरा जवळ आला की बीड जिल्ह्यातली वर्कशॉप रात्री उशिरापर्यंत चालू राहतात. ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघण्याआधी ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, टायरच्या बैलगाड्या, त्यांचे हूक, फाळके, तुटलेले पाटे हे सगळे याच दिवसांत उरकायचे असते. माजलगाव, वडवणी, केज, धारूर इथे हीच घाई असते आणि गेवराई-बीड पट्ट्यात धुळे-सोलापूर महामार्गाच्या कडेच्या गॅरेजांतही. रात्री काम करायचे तर उजेड हवा, आणि तो स्वस्तात हवा. मग भंगाराच्या दुकानात टांगलेला ॲल्युमिनियमचा मोठा घुमट नजरेत भरतो.

हा दिवा बहुतेक वेळा मेटल हॅलाइडचा असतो. बाजारात त्याला ‘मेटल’ म्हणतात. बरेच जण कुठल्याही मोठ्या दिव्याला ‘हॅलोजन’ म्हणून मोकळे होतात आणि घोळ तिथूनच सुरू होतो. फिटिंग किलोच्या भावात मिळते. त्यात बल्ब नसतो, असला तर गेलेला असतो. मग होल्डर बघून ‘चारशेचा एक मेटल द्या’ म्हणत काउंटरवरून बल्ब आणला जातो. तो कधी पेटतच नाही. कधी पेटून महिन्याभरात जातो. कधी मलूल हिरवट उजेड देत राहतो. आणि क्वचित कधी जळता जळता फुटतो.

दोष बल्बचा असतोच असे नाही. होल्डर बसला आणि वॅट जुळले म्हणजे बल्ब जुळला, ही समजूत चुकीची आहे. बल्ब निवडायचा तो दिव्याच्या पोटातला चोक बघून. चोकवरची पाटी वाचता येत नसेल, तर तो दिवा कितीही स्वस्त असला तरी तसाच वापरण्याच्या लायकीचा नाही.

हे दिवे येतात कुठून?

गेल्या दहा वर्षांत देशभर मोठे दिवे बदलले गेले. ५ जानेवारी २०१५ रोजी केंद्र सरकारने एलईडी बल्बवाटपाची ‘उजाला’ आणि रस्त्यांवरचे दिवे बदलण्याची योजना एकाच दिवशी सुरू केली. कारखान्यांनीही आपापल्या शेडमधले जुने दिवे उतरवले. वाळूज, चिकलठाणा, भोसरीसारख्या औद्योगिक वसाहतींत हा माल मोठ्या प्रमाणावर लागत असे. जिनिंग, साखर कारखाने, गोदामे इथेही तो होताच. उतरवलेला माल भंगारात जातो आणि त्यातला चांगला दिसणारा पुन्हा विक्रीला येतो. टेनिस बॉलच्या नाइट स्पर्धांसाठी किंवा मांडवासाठी घेतलेले दिवेही फिरत फिरत वर्कशॉपमध्ये पोहोचतात.

या प्रवासात एक गोष्ट हमखास घडते. चोकमध्ये तांबे असते, त्यामुळे चोक आधी निघतो. नंतर गिऱ्हाइकाला ‘पूर्ण सेट’ हवा असतो म्हणून हाताला लागेल तो चोक पुन्हा घुमटात बसतो. तो मूळचा असेलच याचा भरवसा नाही. घुमटावर ‘मेटल हॅलाइड’ लिहिलेले आणि आत सोडियमचा किंवा जुन्या मर्क्युरीचा चोक, असा प्रकार म्हणूनच घडतो. बाहेरच्या स्टिकरवर विसंबून चालत नाही. झाकण उघडावे लागते.

चोकला एवढे महत्त्व का?

मेटल हॅलाइड बल्बमध्ये साध्या बल्बासारखी तार नसते. बाहेरच्या मोठ्या काचेच्या आत क्वार्ट्झची बोटाएवढी नळी असते. तिच्यात आर्गॉन वायू, थोडा पारा आणि सोडियम, स्कँडियमसारख्या धातूंचे क्षार असतात. इग्नायटर हजारो व्होल्टचा ठोका देतो, नळीत ठिणगी पडते, ती सलग वाहू लागते. तीन ते पाच मिनिटांत क्षारांची वाफ होते आणि पांढरा उजेड पडतो. या ठिणगीला स्वतःचा आवर नसतो. तिला मोकळे सोडले तर करंट वाढत वाढत जाऊन बल्ब काही क्षणांत खलास होईल. तो करंट धरून ठेवण्याचे काम चोक करतो. बल्बला किती वीज मिळणार, हे बल्बवर छापलेल्या आकड्यापेक्षा चोकच ठरवतो.

आता खरी अडचण. पाऱ्याच्या दिव्यात असे क्षार घालण्याची कल्पना चार्ल्स स्टाइनमेट्झ यांच्या १९१२ च्या पेटंटात होती. पण वापरण्याजोगा दिवा अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिकमध्ये गिल्बर्ट रायलिंग यांच्या हातून १९६० च्या दशकात तयार झाला. तोवर जगभर मर्क्युरीचे दिवे लागलेले होते. म्हणून काही मेटल बल्ब मर्क्युरीच्या चोकवर चालतील असेच बनवले गेले. पुढे सोडियमचे दिवे पसरले, तेव्हा सोडियमच्या चोकला जुळणारे मेटल बल्बही आले. दोन्ही घराणी आजही बाजारात आहेत. दोघांचे वॅट एकच, दोघांचा होल्डर तोच जाड ई-४०, पण करंट वेगळा.

आकडे लक्षात ठेवण्यासारखे आहेत. २५० वॅटमध्ये मर्क्युरीच्या जातीचा चोक साधारण २.१ अँपिअरचा असतो, सोडियमच्या जातीचा ३ अँपिअरचा. ४०० वॅटमध्ये हेच आकडे अनुक्रमे ३.३ आणि ४.५ अँपिअरच्या आसपास येतात. कमी करंटचा बल्ब जास्त करंटच्या चोकवर लावला की आतली नळी तिच्या ताकदीपेक्षा जास्त तापते, फुगते आणि लवकर जाते. उलट केले तर बल्ब नीट तापतच नाही, क्षार पूर्ण उडत नाहीत, उजेड हिरवा-निळा आणि कमी पडतो. काही बल्ब दोन्ही चोकवर चालतील असे बनवलेले असतात. तसे असेल तर ते डब्यावर किंवा कंपनीच्या माहितीपत्रकात लिहिलेले असते, दुकानदाराच्या ‘चालतंय हो’वर ते ठरत नाही. ७० आणि १५० वॅटला मात्र हा त्रास जवळजवळ नाही. तिथे सोडियम आणि मेटलचे चोक सारख्याच करंटचे असतात, साधारण १ आणि १.८ अँपिअर.

म्हणून दुकानात जाताना चोकच्या पाटीचा मोबाइलवर फोटो काढून न्यावा. पाटीवर वॅट, अँपिअर, व्होल्ट आणि जोडणीचे चित्र असते. बल्बच्या डब्यावरचा अँपिअरचा आकडा त्या फोटोशी जुळला तरच पैसे द्यावेत. काउंटरवर ‘किती वॅटचा?’ एवढेच विचारले जाते. ‘किती अँपिअरचा?’ हा प्रश्न गिऱ्हाइकानेच करायला हवा.

इग्नायटरचाही मेळ लागतो. बहुतेक मेटल बल्बांना ३ ते ५ हजार व्होल्टचा ठोका लागतो, तर मर्क्युरीच्या जातीच्या काही बल्बांना हजार व्होल्टच्या आतला पुरतो. बल्ब नवा, चोक बरोबर, तरी पेटत नसेल तर पहिला संशय इग्नायटरवर घ्यावा. दुसरा संशय वायरच्या लांबीवर. पेटी हाताशी असावी म्हणून काही वायरमन चोक-इग्नायटर खाली भिंतीवर बसवतात आणि दिवा वीस फुटांवर टांगतात. नेहमीच्या इग्नायटरचा ठोका एवढ्या लांब वायरीत विरून जातो. इग्नायटर दिव्यापासून दीड-दोन मीटरच्या आत असावा. चोक खाली राहिला तरी चालतो.

खालची काच कुठे गेली?

सेकंड हँड घुमटांची खालची काच बहुधा फुटलेली किंवा हरवलेली असते. विकणारा म्हणतो, उजेड उलट जास्तच पडेल. ते खरेही आहे, पण ही काच उजेडासाठी नसतेच. जळत असताना आतली क्वार्ट्झची नळी हजार अंशांच्या घरात तापलेली आणि मोठ्या दाबाखाली असते. म्हातारा झालेला किंवा चुकीच्या चोकवर तापलेला बल्ब फुटला की लालबुंद तुकडे बाहेरची काच फोडून खाली पडू शकतात. खाली कोण असते? डिझेलने भिजलेल्या कपड्यांतला पोरगा, थिनरचा डबा, सीटचे रेक्झिन. गेवराई-माजलगावकडच्या जिनिंगमध्ये तर खाली कापसाची गंजी असते, तिथे उघड्या मेटल दिव्याचा विचारही करू नये.

उघड्या दिव्यात चालणारे वेगळे बल्ब असतात. त्यांच्या आतल्या नळीभोवती आणखी एक जाड काचेचे कवच असते आणि डब्यावर तसे स्पष्ट लिहिलेले असते. डब्यावर काहीच लिहिलेले नसेल, तर तो बल्ब बंद दिव्याचाच समजावा. काच पुन्हा बसवायची तर ती टफन्डच हवी. खिडकीची उरलेली काच कापून बसवली तर ती उष्णतेनेच तडकते.

आणखी एक सवय मोडायला हवी. बाहेरची काच फुटली तरी काही बल्ब आतल्या नळीवर जळत राहतात. ‘चालतोय तोवर चालू दे’ म्हणून तो तसाच ठेवला जातो. बाहेरची काच घातक अतिनील किरण अडवते. ती गेली की खाली काम करणाऱ्याच्या डोळ्यांत रात्री वाळू गेल्यासारखे खुपते, वेल्डिंग बघितल्यावर होते तसेच. वर्कशॉपमध्ये या दुखण्याचे खापर वेल्डिंगवर फुटते आणि डोक्यावरचा दिवा सुटून जातो.

कोणता रंग, किती वॅट?

डब्यावर ४,००० ते ४,२०० केल्विन लिहिलेला बल्ब वर्कशॉपला चांगला. त्यात लोखंडावरचा गंज, प्रायमर, वायरींचे रंग नीट ओळखू येतात. साडेपाच-सहा हजार केल्विनचा ‘डेलाइट’ जास्त पांढरा दिसतो, म्हणून लोक तो मागतात, पण त्यातून काम जास्त दिसते असे नाही. सोडियमचा बल्ब मात्र वर्कशॉपमध्ये नकोच. त्याच्या पिवळ्या उजेडात लाल वायर आणि काळी वायर यांतला फरक कळत नाही. बल्ब उभा टांगायचा की आडवा, हेही डब्यावर असते. उभ्यासाठीचा बल्ब आडवा लावला तर त्याचा रंग आणि आयुष्य दोन्ही बिघडते.

वॅटच्या बाबतीत लोक मोठेच घेतात. साधा हिशोब करून पाहावा. तीस बाय चाळीस फुटांचे शेड म्हणजे सुमारे १११ चौरस मीटर. बेंचवरच्या कामाला ३०० लक्स उजेड ठीक. म्हणजे खाली पोहोचायला हवेत सुमारे ३३ हजार ल्युमेन. घुमटात, धुळीत आणि बल्बच्या वयात निम्मा उजेड जातो असे धरले, तर बल्बांतून ६७ हजार ल्युमेन निघायला हवेत. २५० वॅटचा मेटल बल्ब नवा असताना २० हजारांच्या आसपास देतो. चार दिवे पुरतात. ४०० वॅटचे दिवे अठरा-वीस फूट उंचीच्या शेडसाठी ठीक आहेत. बारा फुटांच्या पत्र्याखाली ते डोळ्यांत घुसतात आणि पत्रा तापवतात.

फिटिंग सेकंड हँड चालेल, बल्ब मात्र नवाच घ्यावा. जुन्या बल्बची नळी काळवंडलेली असते, उजेड निम्म्यावर आलेला असतो, एक गुलाबी तर दुसरा हिरवा दिसतो. फुटण्याचा धोकाही अशाच बल्बात सर्वाधिक असतो. आधीच किती तास जळाला, हे विकणाऱ्यालाही माहीत नसते.

लेथवर हा दिवा का नको?

५० हर्ट्झच्या विजेवर हा दिवा सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. डोळ्याला ते जाणवत नाही, पण फिरणाऱ्या यंत्रावर जाणवते. तीन जबड्यांचा चक मिनिटाला २,००० फेऱ्यांनी फिरत असेल तर सेकंदाला बरोबर १०० जबडे समोरून जातात आणि चक थांबल्यासारखा भासू शकतो. १,००० फेऱ्यांवर सहा जबड्यांचा स्थिर चक दिसल्याचा भास होतो. थांबलेले दिसले म्हणून हात पुढे गेला, तर काय होईल हे सांगायला नको.

थ्री फेज असेल तर शेजारचे दिवे वेगवेगळ्या फेजवर लावावेत, म्हणजे एक मंद होतो तेव्हा दुसरा उजळ असतो. सिंगल फेजवर ही सोय नाही. तिथे लेथ, ड्रिल आणि ग्राइंडरच्या डोक्यावर चांगल्या ड्रायव्हरचा वेगळा एलईडी दिवा लावणे हाच उपाय.

व्होल्टेज पडले तर?

संध्याकाळी व्होल्टेज खाली जाणे आणि मध्येच वीज जाणे जिल्ह्यातल्या गावांना नवे नाही. मेटलचा दिवा इथे साथ सोडतो. क्षणभर वीज गेली तरी तो विझतो आणि गरम बल्ब पुन्हा पेटायला दहा-पंधरा मिनिटे घेतो. तेवढा वेळ ग्राइंडर अंधारात गरगरत असतो. एखादी एलईडी पट्टी इन्व्हर्टरवर ठेवणे म्हणूनच आवश्यक आहे.

बऱ्याच चोकवर २२०, २४० अशा वेगवेगळ्या व्होल्टचे टर्मिनल असतात. जुन्या मालकाच्या कारखान्यातले व्होल्टेज आणि आपल्या शेडमधले एक नसते. कामाच्या वेळेत मीटरने मोजून जवळचे टर्मिनल वापरावे. व्होल्टेज पाच टक्के वाढले की बल्बमधली वीज दहा टक्क्यांच्या आसपास वाढते. कमी व्होल्टचे टर्मिनल धरून ठेवले आणि मध्यरात्री लोड उतरून व्होल्टेज चढले, की बल्बचे आयुष्य घटते.

कंडेन्सर तर भंगारातल्या दिव्यात बहुधा फुगलेला किंवा गायबच असतो. दिवा त्याच्याविना पेटतो, म्हणून कुणी लक्ष देत नाही. पण २५० वॅटचा ३ अँपिअरचा दिवा कंडेन्सरशिवाय लाइनमधून तेवढेच ३ अँपिअर ओढतो. कंडेन्सर असेल तर दीड अँपिअरच्या आत भागते. चार दिव्यांचे बारा अँपिअर जुन्या वायरिंगवर टाकायचे का, हे मालकाने ठरवावे.

मग सरळ एलईडीच का नको?

हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर दिवा किती तास जळतो यावर आहे. २५० वॅटचे चार मेटल दिवे चोकसकट सुमारे १.१ किलोवॅट घेतात. तेवढेच काम १२० वॅटच्या चार एलईडी घुमटांत होते, म्हणजे ०.४८ किलोवॅटमध्ये. सीझनमध्ये रोज पाच तास, महिन्याला पंचवीस दिवस धरले तर फरक ७७ युनिटचा. सगळे आकार धरून युनिटला ८ रुपये मानले, तर महिन्याला सहाशे रुपयांहून थोडे जास्त. वर्षभर रात्रपाळी चालवणाऱ्याने सेकंड हँड मेटलच्या वाटेला जाऊच नये. स्वस्त दिव्यातली बचत त्याच्या वीजबिलात काही महिन्यांत जिरते.

पण सगळीच वर्कशॉप तशी नसतात. सीझनचे दीड-दोन महिने सोडले तर अनेकांचा दिवा संध्याकाळी तासभरच लागतो. तिथे फरक महिन्याला सव्वाशे रुपयांच्या आसपास राहतो. अशा ठिकाणी पाटीसकट चोक, चालू इग्नायटर आणि शाबूत काच असलेला दिवा मिळाला, तर त्यात योग्य बल्ब घालून तो वापरण्यात कमीपणा काही नाही. फक्त बल्ब घेताना पुढच्याचाही विचार करावा. मागणी एलईडीकडे वळल्याने हे बल्ब दुकानांतून कमी होत आहेत. चार दिवे घेतले तर पाचवा बल्ब त्याच वेळी, त्याच जातीचा घेऊन ठेवावा. आणि ज्या दिव्याचा चोक, इग्नायटर, काच असे सगळेच नवे घालावे लागणार असेल, तो घेण्यापेक्षा नवा एलईडी घुमट घ्यावा.

मधला एक मार्ग म्हणून जुन्या होल्डरमध्ये बसणारे ई-४० चे एलईडी बल्ब मिळतात. ते लावताना चोक, इग्नायटर आणि कंडेन्सर तिन्ही बाजूला काढून होल्डरला थेट २३० व्होल्ट द्यावे लागतात, तेही वायरमनच्या हातून. इग्नायटर जोडलेला राहिला तर त्याचा पहिलाच ठोका नव्या एलईडीचा ड्रायव्हर जाळू शकतो. बंद घुमटात असा बल्ब घालायचा तर तो बंद फिटिंगमध्ये चालतो का, हे विचारून घ्यावे. हवा न मिळाल्याने तापून लवकर गेलेले एलईडी बल्ब थोडे नाहीत.

गेलेल्या बल्बचे काय?

मेटलच्या बल्बात पारा असतो आणि तो सीएफएलमधल्यापेक्षा अनेक पट जास्त असतो. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत पारा असलेले दिवे येतात. ते उकिरड्यावर फोडायचे नसतात आणि शेडमागच्या नाल्यातही टाकायचे नसतात. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे अधिकृत ई-कचरा प्रक्रिया केंद्रांची यादी असते. एकट्या वर्कशॉपला एका बल्बसाठी तिथवर जाणे परवडणार नाही, हे उघड आहे. जिथून नवा बल्ब घेतला त्या दुकानदाराकडे जुना परत द्यावा आणि त्याने तो साठवून एकदम पाठवावा, हेच जमण्यासारखे आहे. तोवर गेलेला बल्ब नव्याच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून, पोरांच्या हाताला लागणार नाही अशा फळीवर ठेवावा.